गढीतला मुक्काम

भिवंडीच्या माणसाला शांततेचे फारसे कौतुक नसते. यंत्रमागांच्या खडखडाटातच आम्ही लहानाचे मोठे झालो. रात्री वीज जाऊन माग थांबले, की उलट दचकून जाग येते! तेव्हा पैसे मोजून किल्ल्यात राहायला जायचे, हे माझ्या वडिलांना पटेना. "किल्ला बघायला जातात की झोपायला?" त्यांचा रोकडा सवाल.

शिवरायांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, हे आम्ही शाळेत अभिमानाने घोकले. पण गडकोटात मुक्काम करण्याचा योग आमच्या घरात कुणालाच आला नव्हता. म्हणून हट्टाने त्यांना नेले.

सासवडजवळ जाधववाडीला छत्रपती शाहूंचे सरदार पिलाजीराव जाधवराव यांनी १७१० साली बांधलेली गढी आहे. तिचे आता हॉटेल झाले आहे. भक्कम दगडी तट, उंच दरवाजा. दारातच फेटेवाल्या पहारेकऱ्याने वाकून मुजरा केला. जन्मभर शेठजींना सलाम करीत आलेल्या वडिलांनी मागे वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते! मग तेही वाकले आणि म्हणाले, "गाव कुठलं तुझं, बाबा?" दोघे बराच वेळ बोलत राहिले.

रात्री खोलीतला पडदा चिमटीत धरून ते म्हणाले, "विणणाऱ्याचा हात बसलेला आहे."

गढी बांधवून घेणाऱ्याचे नाव इतिहास सांगतो. दगड घडवणाऱ्याचे आणि पहाऱ्यावर जागणाऱ्याचे सांगत नाही. वडिलांनी मात्र चौकशी केली, ती त्यांच्याच जातकुळीच्या माणसांची.