उभं राहून दिलेलं मत

शाळेच्या त्या व्यायामशाळेत शिरल्यावर माझी नजर आधी मतपेटी शोधू लागली. ती कुठंच नव्हती. पडदा लावलेला आडोसा नाही, बोटाला शाई नाही, दाराशी पोलीस नाही. "काका, इथं पेटी नसते. इथं माणसंच मोजतात," पुतण्या म्हणाला, आणि आम्ही दोघं पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसलो. तारीख 3 फेब्रुवारी 2020, शहर अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डी मॉइन.

राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षानं कुणाला उभं करायचं, याचा देशातला पहिला कौल त्या संध्याकाळी सात वाजता आयोवात जवळपास 1,700 ठिकाणी एकाच वेळी घेतला जात होता. याला कॉकस म्हणतात. मला आधी त्याचंच नवल वाटलं. मी पिंपळगाव रेणुकाईचा. आमच्या भोकरदन तालुक्यात निवडणूक आली की पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या नावाचा येतो, याची लोक वाट बघतात. उमेदवार ठरवताना पक्षानं गावातल्या साध्या मतदाराला विचारल्याचं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. इथं शेतकरी, शिक्षक, दुकानदार दारातच पक्षाची नोंदणी करून आत येत होते. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार म्हणून सतरा वर्षांची पोरंही होती.

मग कोपरे ठरले. ज्याला जो उमेदवार हवा, त्यानं त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. हातात कार्ड, त्याच्या एका बाजूला पहिली पसंती लिहायची. आमच्या सभागृहात 214 जण मोजले गेले. टिकायचं तर 15 टक्के लागत, म्हणजे किमान 33 माणसं. एका कोपऱ्यात 29 भरले. तो गट बाद होणार होता, आणि पुढची पंधरा मिनिटं मी डोळ्यांची पापणी न लववता बघत राहिलो. चारी बाजूंनी लोक त्या 29 जणांकडे आले. कुणी दवाखान्याच्या बिलाबद्दल बोललं, कुणी कॉलेजच्या कर्जाबद्दल. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे ऐकून घेत होते, उलट प्रश्न विचारत होते, आणि शेवटी कार्ड उलटून मागच्या बाजूला दुसरी पसंती लिहून त्यांनी समोरचा कोपरा गाठला. राजकारणावर इतकं सभ्य, इतकं मुद्देसूद बोलणं मी सभेत कधी ऐकलं नव्हतं. त्यासाठी माझ्या मनात आजही आदर आहे.

पण त्याच कोपऱ्यातला एक तरुण जागचा हलेना. त्याचा घरमालक समोरच्या गटात उभा होता, असं पुतण्यानं हळूच सांगितलं. त्या पोराच्या मनात काय होतं ते मला कळायला मार्ग नाही. पण तो कुठं उभा आहे, हे मालकाला दिसत होतं, आणि मला ते सहन झालं नाही. त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाचीही कॉकस असते. तिथं भाषणं ऐकून झाली की नाव चिठ्ठीवर लिहून देतात, म्हणजे मत झाकलेलं राहतं.

पुतण्याची शेजारीण त्या सभागृहात नव्हती. ती नर्स, त्या दिवशी तिची रात्रपाळी. काही मोजक्या ठिकाणी वेगळ्या वेळेची सोय पक्षानं केली होती, पण तिला त्यातली एकही जुळली नाही. सुमारे 32 लाख वस्तीच्या राज्यात त्या रात्री डेमोक्रॅटांच्या कॉकसला आले सुमारे 1 लाख 76 हजार.

निकालाची तऱ्हा आणखी वेगळी. निकाल कळवायचं ॲप कोलमडलं आणि आकडे यायला दिवस लागले. शेवटच्या फेरीत उमेदवारीच्या शर्यतीतल्या बर्नी सँडर्स यांना पीट बुटिजेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच हजार मतं जास्त होती. तरी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज पुढं गेले, 14 विरुद्ध 12. कारण माणसं थेट राज्यभर मोजत नव्हते. प्रत्येक ठिकाणच्या प्रतिनिधींची संख्या आधीच ठरलेली असे, तिथं कितीही गर्दी होवो. आणि बरोबरी झाली तर नाणं उडवत. देशाचा प्रमुख निवडण्याच्या कामात नाणेफेक मला पटत नाही.

पण वेळ नसलेल्यांना बाहेर ठेवण्यात आपल्या ग्रामसभेचं तरी काय वेगळं आहे? कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मिरचीच्या हंगामात बाया दिवस उगवायला तोडणीला जातात. किलोवर मजुरी, सभेला बसायचं तर रोज बुडतो. मग हात वर होतात ते पारावर मोकळे असणाऱ्यांचे.

मात्र आपल्याच राज्यात एक नियम असा आहे, की तो मी आयोवाच्या लोकांना मुद्दाम सांगितला. 2008 पासून गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायांचं गुप्त मतदान होतं: चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि तीही आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायांच्या. अट जड आहे, थोडक्यात हुकलं की जीव हळहळतो. पण तिच्यामुळं कार्यकर्त्यांना प्रत्येक घरी, प्रत्येक रानात जावं लागतं, आणि शिक्का कुठं मारला ते घरच्या माणसालाही कळत नाही.

2024 साली आयोवाच्या डेमोक्रॅटांनी सभा ठेवल्या, पण उमेदवाराची पसंती टपालानं कार्डांवर मागवली. पहिल्या नंबरचा मान त्यांच्याकडून गेला, तो पक्षानं साउथ कॅरोलायनाला दिला. नर्सबाईंनी त्या खेपेला आपलं कार्ड पाठवलं, असं पुतण्यानं फोनवर सांगितलं. चर्चा सगळ्यांसमोर आणि मत झाकून, ही वाटणी मला योग्य वाटते. ग्रामसभेत घरकुलाच्या यादीसारख्या विषयावर हात वर करायला न लावता चिठ्ठी द्यावी, आणि तोडणीच्या दिवसांत ती रात्री आठपर्यंत घ्यावी, ही मागणी मी गावी आल्यापासून लावून धरली आहे.