गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर सील?
क्लचप्लेट बदलताना खरी मजुरी जाते ती गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात. इनपुट शाफ्टचे ऑइल सील, आणि फ्लायव्हील काढल्यावर क्रँकशाफ्टचे मागचे सील, एरवी हाताला लागतच नाही. बेल हाउसिंगच्या तळाशी काळपट, ओलसर थर दिसला, तर प्रश्नच मिटला: झिरपलेले तेल नव्या प्लेटच्या अस्तरावर गेले की क्लच घसरू लागतो. सील कोरडे असले, तरी जुन्या गाडीत रबराची कड ताठरलेली असते. तेव्हा बदलणेच शहाणपणाचे. मात्र जुने काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नये, नव्याच्या कडेला तेल लावून ते सरळच बसवावे. तिरके बसलेले नवे सील हमखास गळते. चाकांकडच्या ड्राइव्हशाफ्टची सील बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवताही बदलता येतात. कोरडी असतील तर राहू द्यावीत.