तो कागद मी परत मागवला

बार्शीटाकळीत माझ्या हातचा एक कागद बरीच वर्षं फिरत होता. वर ‘रत्नागिरी : दोन दिवसांत’ आणि खाली आठ ओळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी कोकणात निघालं की संध्याकाळी घरी यायचं, आणि मी झेरॉक्सच्या गठ्ठ्यातला एक काढून द्यायचे. मी शाळेत भूगोल शिकवणारी, त्यातून स्वतः जाऊन आलेली. लोकांनी विश्वास ठेवला यात त्यांची काही चूक नव्हती. त्या आठपैकी पाच ओळी आज मी मागे घेते आहे.

‘जाऊन आलेली’ याचा खरा अर्थ आधी सांगते. २००६ साली शाळेतल्या मंडळींबरोबर मी एकदाच गेले होते. दीड दिवस, तोही बहुतेक बसमध्ये. सगळे चढ बसनं चढले, मी खिडकीत बसून होते. परत आल्यावर नकाशा उघडला, ठिकाणांमधली अंतरं मोजली आणि लिहून टाकलं : मे महिन्यात जावं. शहर लहान आहे, पायी फिरावं. शहरात पाहण्यासारखं फारसं नाही, एक दिवस पुरे. मुक्काम गणपतीपुळ्याला करावा. समुद्रावर संध्याकाळी जावं, मुलांना पाण्यात खेळू द्यावं. याच त्या पाच ओळी.

२०१८ च्या मे महिन्यात मी आत्याबाईंना घेऊन रत्नागिरीला गेले. भाची नोकरीनिमित्त तिथे राहायला गेली होती. आत्याबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, आणि घरापासून शेतापर्यंतचे तीन किलोमीटर रोज चालणाऱ्या. मी माझ्याच कागदाप्रमाणे त्यांना भाट्याच्या खाडीकडून थिबा राजवाड्याकडे पायी नेलं. नकाशावर ते अंतर बोटभर आहे. पण वाट जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची होती आणि पायऱ्या संपेनात. निम्म्यावर आत्याबाई मटकन खाली बसल्या. चेहरा लाल, लुगडं घामानं चिंब, बोलायला दम नाही. शेजारच्या घरातल्या बाईंनी धावत येऊन पाणी दिलं, मग मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत दिलं आणि पंख्याखाली नेऊन निजवलं. तासाभरानं आत्याबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “पोरी, तुया कागदावर चढ कुठी हाय वं?”

मी गप्प बसले. मुलांना समोच्च रेषा शिकवणारी मी. रेषा जवळजवळ आल्या की तिथे तीव्र उतार समजायचा, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेन. आणि लोकांना दिलेल्या कागदावर मात्र नुसते किलोमीटर.

उन्हाबद्दलही माझा भ्रमच होता. आमच्या अकोल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रत्नागिरीचा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. मी सगळ्यांना सांगत असे, आपल्याला ते ऊन काय करणार? पण आपल्याकडची हवा कोरडी. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. वाळ्याचे कूलर आपल्या घरात चालतात तेही याच कारणानं. समुद्रकाठी हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. त्यात चढ. वऱ्हाडात ऊन सोसलेल्या माणसाला तिथे आपल्याला काय होतंय हे कळतच नाही, म्हणून तो वेळेवर थांबत नाही. आत्याबाईही थांबल्या नाहीत.

दुसरी गोष्ट मला त्यानंतर कळली, आणि ती अजून झोपेतून उठवते. आमच्या आळीतलं एक कुटुंब माझा कागद घेऊन रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेलं होतं. संध्याकाळची वेळ, कागदात लिहिल्याप्रमाणे. दहा वर्षांचा मुलगा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. परतणाऱ्या लाटेनं पायाखालची वाळू ओढून नेली आणि पोरगा आत गेला. जवळच जाळं आवरत असलेल्या दोघांनी त्याला बाहेर काढलं. मुलगा वाचला. त्याच्या आईनं मला दोष दिला नाही, फक्त म्हणाली, “बाई, भरती होती म्हणे तेव्हा.” भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले. मग ‘संध्याकाळी जावं’ असं मी कशाच्या आधारावर लिहिलं? भरती काही रोज आपली संध्याकाळ सोडून येत नाही.

त्याच दिवशी मी गठ्ठा फाडला. ज्यांच्याकडे कागद गेल्याचं आठवत होतं त्यांच्या घरी जाऊन परत मागितला. काहींनी दिला, काहींचा हरवला होता.

नंतर निवृत्त झाल्यावर एका मार्गशीर्षात मी भाचीकडे पंधरा दिवस राहिले. या वेळी बस नव्हती, यादीही नव्हती. तेव्हा कुठे ते शहर कसं बसलंय हे पायांना समजलं. रेल्वे स्टेशन वर कुवारबावला, सड्यावर, म्हणजे पठारावर. तिथून मारुती मंदिर, जयस्तंभ, राम आळी, असं करत गाव समुद्राकडे उतरत जातं. म्हणून माझा पहिला नियम आता असा : वर जायचं ते रिक्षानं किंवा शहर बसनं, आणि पायी चालायचं ते वरून खाली. राजवाडा आधी, खाडी नंतर. रत्नदुर्गावरही वाहनानं वर जावं, भगवतीचं दर्शन घ्यावं, तीन बाजूंचा समुद्र बघावा आणि सावकाश उतरावं. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरतानाही काठी घ्यावी, कारण उतारच गुडघ्याला जास्त लागतो. चप्पल खाचांच्या रबरी तळाची हवी. जांभा कोरडा असेल तर खरखरीत असतो, पाय धरतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि मग त्याचा भरवसा नाही. आमच्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तिथे तीन हजारांच्या पुढे. ज्यांना पाऊसच बघायचा आहे त्यांनी जरूर जावं, पण पायऱ्यांवर घाई करू नये आणि पाण्यात तर उतरूच नये.

समुद्राचा हिशेब मला मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडत बसलेल्या एका आजींनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. त्याच्या साधारण सहा तास मागेपुढे ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब, वेळ दिवसाची तशीच रात्रीची. हिशेब ढोबळ आहे, पक्की वेळ बंदरावर विचारावी. मी चाळीस वर्षं चतुर्थी करते आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून उपास धरायचे आणि चंद्रोदयाची वाट बघायचे. तोच चंद्र तिकडे पाणी वर ओढतो आहे, आणि ते मला घरबसल्या त्याच चौकोनातून वाचता येतं, हे कळलं तेव्हा मी बंदरावर उभ्या उभ्या पुढच्या आठवड्याच्या भरत्या बोटांवर मोजल्या. आजी हसून मान डोलवत होत्या. आता समुद्रावर जायची वेळ मी तिथी बघूनच सांगते. पाणी ओसरत असताना ते माणसाला आत ओढतं, म्हणून पूर्ण ओहोटीची वेळ वाळूत हिंडण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. गणपतीपुळ्याला तर किनारा लगेच खोल होतो. तिथे घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नये, आणि हे मुलांच्या बापांनाही सांगावं.

‘शहरात पाहण्यासारखं फारसं नाही’ या ओळीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. टिळकांचा जन्म १८५६ मध्ये ज्या गावात झाला, सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं १९३१ मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर जिथे उघडलं, त्या गावाबद्दल मी हे लिहिलं. आणि थिबा राजा. ब्रह्मदेशाचं राज्य १८८५ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याचं मंडाले इरावती नदीच्या काठी, समुद्रापासून कितीतरी लांब. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास. त्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ मध्ये राजा तिथेच गेला. नदीकाठच्या सपाटीवरून आलेला माणूस त्या उंचीवर उभा राहून रोज भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र बघत असेल. विद्रूपेच्या काठी वाढलेली मी तिथल्या कठड्याशी एक अख्खी दुपार बसले होते. खाली खाडीचं पाणी सरकत सरकत गेलं, चिखल उघडा पडला, त्यावर बगळे उतरले. माझ्या जुन्या कागदात या जागेला वीस मिनिटं दिली होती.

म्हणून आता मी सांगते : मुक्काम शहरात करा, निदान चार रात्री. आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळं तासाभरात गाठता येतं, सकाळी जाऊन दुपारी परत या. मे टाळा, मार्गशीर्ष-पौष धरा. आंब्याचा मोह असेल तर आंबा पेटीतून अकोल्यालाही येतो. आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर दिवसाला एकच चढ.

परवा पलीकडच्या आळीतली नवी सून आली होती. दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय, तुमच्याकडे कागद असतो म्हणे. तिला म्हटलं, कागद नाही, बस. भिंतीवरून कालनिर्णय काढून आणलं, तिच्या तारखा विचारल्या आणि दोघींनी एकेका चौकोनात पेन्सिलीनं भरतीची वेळ लिहिली. मग मी विचारलं, “सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत?”