कुकडीकाठचे रांजण

गुलमंडीतल्या बाईला रांजण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खाली कापडाच्या दुकानांची गर्दी, सुपारी मारुतीच्या घंटेचा आवाज, आणि घराच्या मागच्या पडवीत कुंभारवाड्यातून आणलेला रांजण. आमच्या शहरात गेली अनेक वर्षं नळाला पाणी येतं ते दिवसच्या दिवस वाट पाहायला लावून. म्हणून घरात टाकी आली, ड्रम आले. पण सासूबाईंनी तो रांजण काही हलवू दिला नाही. त्याच्यावर झाकण ठेवताना त्या म्हणायच्या, "आमच्या नदीत असले शेकडो रांजण आहेत. दगडाचे. देवानं घडवलेले."

लग्न होऊन आले तेव्हापासून हे वाक्य मी ऐकत आले. खरं सांगते, कधी मनावर घेतलं नाही.

सासूबाईंचं माहेर नगर जिल्ह्यातलं, पारनेर तालुक्यातलं. त्यांची नदी म्हणजे कुकडी. आणि ते रांजण म्हणजे निघोजजवळच्या कुंडावरचे प्रसिद्ध रांजणखळगे. मळगंगा ही त्यांची माहेरची देवी. दरवर्षी चैत्र आला की त्या हळूच म्हणायच्या, "यंदा कुंडावर जाऊन यायचं का?" आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी मुलांच्या परीक्षा, कधी नणंदेचं बाळंतपण, कधी लग्नसराईमुळे दुकान सोडवत नाही म्हणून ह्यांची अडचण. पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. ते सोडलेलं आमच्यापैकी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात आलं ते अमेरिकेत! दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी मिनिआपोलिसला गेले होते. परत यायच्या आधी जावई म्हणाले, "चला, इथून ऐंशी किलोमीटरवर एक लहानसं उद्यान आहे, ते बघून येऊ." टेलर्स फॉल्स नावाचं टुमदार गाव, तिथं सेंट क्रॉय नदी, आणि दोन्ही काठांवर काळाकभिन्न कातळ. नदीच्या एका काठाला मिनेसोटा राज्य, दुसऱ्या काठाला विस्कॉन्सिन. मिनेसोटानं आपल्या बाजूचं उद्यान १८९५ साली राखलं, विस्कॉन्सिननं १९०० साली. कातळात ठिकठिकाणी गोल, गुळगुळीत खड्डे. एक तर साठ फूट खोल! सगळ्यांना लोखंडी कठडे, शेजारी माहितीचे फलक. एकाचं नाव 'पाववाल्याची भट्टी', एकाचं 'काहील'.

मी पाहतच राहिले. तोंडातून निघून गेलं, "अगं, हे तर आईंचे रांजण!"

फलकावरची माहिती लेकीनं मला मराठीत समजावली. हिमयुगात हा सगळा मुलूख प्रचंड जाडीच्या बर्फाखाली होता. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो बर्फ वितळत मागे हटला. त्या पाण्याचं एक अफाट सरोवर साठलं आणि त्याचा लोंढा या दरीतून धावला. लोंढ्याबरोबर आलेले गोटे कातळातल्या खळग्यांत अडकले, भोवऱ्यात गरगरत राहिले आणि त्यांनी दगड कोरून काढला. त्या जुन्या सरोवराचा उरलेला वारस म्हणजे आजचं सुपिरिअर सरोवर. युरोपात उत्तरेकडच्या देशांत अशा खड्ड्यांना राक्षसांची भांडी म्हणतात. गंमत पाहा, कुठल्याही देशातल्या माणसाला असा खड्डा पाहून आठवलं ते स्वयंपाकघरच!

रात्री उत्साहानं सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई. तू तिथले तरी पाहिलेस."

रागाचा शब्द नाही, टोमणा नाही. पण त्या 'तरी'नं रात्रभर झोप लागली नाही. सात समुद्र ओलांडून मी खड्डे पाहायला गेले होते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चार-साडेचार तासांवरचं माहेरचं ठिकाण आम्ही इतक्या वर्षांत दाखवलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत मात्र बेत पक्का केला. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. गुडघे धरलेले, पण डोकं लखलखीत. पहाटे पाचला गुलमंडी सोडली तेव्हा चहावाल्याची शेगडीसुद्धा पेटली नव्हती. वाळूज मागे पडलं, प्रवरासंगमाला उजाडलं. सासूबाईंनी गाडीतूनच गोदामाईला हात जोडले. नगरला (आता अहिल्यानगर) चहा घेतला. पुढे पुणे रस्त्यानं सुपे, तिथून पारनेरकडे वळलो, आणि साडेदहाच्या सुमाराला निघोज. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि कांदा. वळणावळणाला सासूबाई सांगत होत्या, "इथं चिंच होती," "इथं बैल सोडायचे." चिंच नव्हती, बैलही नव्हते, पण त्यांना ते दिसत होतं.

कुंडाशी पोहोचलो. वरून पाहिलं तर आधी नुसता काळा कातळ. चार पावलं पुढे गेलं, की एकदम पायाखालची जमीन उघडते! सगळं पात्रच कोरून काढलेलं. कुठे वाटीएवढे खळगे, कुठे कमरेइतके, तर कुठे दोन-तीन पुरुष खोल, तळाशी हिरवं गार पाणी. दोन रांजणांमधली भिंत झिजून ते एकमेकांत मिसळलेले, आणि नदी त्या चिंचोळ्या घळीतून वाकडीतिकडी वाहते आहे. इथंही नदीच हद्द आहे बरं का! अलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी.

आपल्याकडे हे काम बर्फानं केलेलं नाही. हा आपला दख्खनचा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिकडचा कातळही लाव्हाचाच, पण त्याचं वय एकशे दहा कोटी वर्षांच्या घरात. तिकडे बर्फाच्या पाण्याचा लोंढा आला; इकडे कुकडी जुन्नरच्या वरच्या अंगाला कुकडेश्वरापाशी उगवते आणि सह्याद्रीवरचा पाऊस घेऊन येते. दर पावसाळ्यात पूर, दर पुरात नवे गोटे, आणि तेच गरगर फिरणं.

सासूबाईंना खाली उतरणं शक्य नव्हतं. देवीचं दर्शन झाल्यावर त्यांच्यासाठी काठावर, कातळापासून दूर, घडीची खुर्ची मांडली. मी अमेरिकेत शिकलेलं ज्ञान त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जात्यासारखंच की. खालचा दगड जागेवर, वरचा फिरतो, पाणी वैरण घालतं." आम्ही फलक वाचून जे शिकलो ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

मग त्या बोलत राहिल्या. लहानपणी आईबरोबर बैलगाडीनं यात्रेला यायचं, रांजणात खडा टाकायचा आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे. यात्रेत गावच्या बारवेतून घागर आपोआप वर येते अशी भाविकांची श्रद्धा, ती पाहायला पहाटे आई कडेवर घ्यायची. हे सगळं इतक्या वर्षांत त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. की आम्हीच विचारलं नव्हतं?

एका कोरड्या खळग्यात लाडवाएवढे चार-पाच गोल गोटे होते. देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून एक मी उचलून आणला. सासूबाईंनी तो हातात घेतला, तळव्यावर फिरवला, गालाला लावला. मग मला परत दिला. "ठेव जिथला तिथं. अजून त्याचं दळण संपलेलं नाही."

मैत्रिणींनो, जाणार असाल तर थोड्या गोष्टी लक्षात ठेवा. भर पावसाळ्यात जाऊ नका. रांजण पाण्याखाली असतात आणि कातळ शेवाळलेला. दिवाळीनंतर ते चैत्रापर्यंतचे दिवस बरे. शक्यतो सकाळी पोहोचा, दुपारी कातळ तापतो. नदीवर वरच्या बाजूला धरणं आहेत, पाणी सुटणार आहे का हे गावात विचारूनच खाली उतरा. खळग्यांत पोहण्याचा मोह टाळा, मुलांचा हात सोडू नका. टाचांच्या चपला घरी ठेवा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. मात्र उरलंसुरलं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. नदीनं एवढ्या निगुतीनं घासून ठेवलेली भांडी आपण खरकटी करू नयेत!

रात्री दहाला गुलमंडीत परतलो. गुडघे दुखत असूनही सासूबाई झोपायला तयार नव्हत्या. आधी नातीला फोन लावायला लावला. तिकडे सकाळ, पणतू दूध पीत होता.

"तुमच्या त्या बागेत किती रांजण आहेत गं?" त्यांनी विचारलं.

"असतील बरेच, आजी. मोजले नाहीत."

"मोज आणि कळव," त्या म्हणाल्या. "आमचे मोजायला बसलं तर चैत्र उजाडेल. तेव्हा पुन्हा जायचंच आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानाचं नाव काढायची हिंमत त्यांना झाली नाही.