हिरव्या पापुद्र्याची उलटी बाजू

पावसाळा लागला कीं विहिरींच्या कठड्यांवर व ओल्या भिंतींवर चपटे, दुभागत गेलेले हिरवे पापुद्रे चिकटलेले दिसतात. शेवाळ समजून आपण ते खरवडून टाकतों. शास्त्रज्ञ यांस यकृतका म्हणतात. वरून सारे एकाच मुशींतले भासतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस पापुद्रा प्रथम उलटा करावयास लावतों. मार्केंशियाच्या खालच्या अंगास खवल्यांच्या रांगा असतात. खवल्याच्या टोकाशीं चिमुकलें उपांग असतें. त्याची कड सरळ कीं दातेरी, यावरून जात ओळखण्यास मोठें साहाय्य होतें. रिक्सियाच्या कित्येक जाति तर बीजाणूंवरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून ठरतच नाहींत. लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांचा हिमालयांतील यकृतकांवरील ग्रंथ १९२९ सालीं निघाला, तो असल्याच बारकाव्यांच्या बळावर!

पानें असलेल्या यकृतकांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म पिंड असतात. त्यांचा आकार व संख्या ही मोठी खूण; पण वाळलेल्या नमुन्यांत ते नाहींसे होतात. मुलें नमुना वहींत दाबून आठवड्यानें आणतात, तोंवर ती साक्ष पुसलेली असते. यास्तव पालकांस एक विनंति: दसऱ्याच्या सफेतीपूर्वीं भिंतीचा एखादा ओला कोपरा मुलांकरितां राखून ठेवावा, आणि जमल्यास एक भिंगही घेऊन द्यावें.