मोडलेली नळी आणि शंभर किलोचं जनावर

घोड्याचा पाय मोडला की जनावर गेलंच, हे आपल्याकडे इतकं पक्कं धरलेलं आहे की तट्टू आणि गाढवही त्याच निकालात निघतात. हा निकाल आला शर्यतीच्या मैदानावरून. केंटकी डर्बी ही शर्यत जिंकलेला बार्बारो नावाचा घोडा 2006च्या मे महिन्यात दुसऱ्या मोठ्या शर्यतीत मागचा पाय मोडून थांबला. शस्त्रक्रियेत धातूची पट्टी आणि 27 स्क्रू बसले, पैसा किंवा कौशल्य कशातच कसर नव्हती, तरी जानेवारी 2007 मध्ये त्याला कायमची भूल द्यावी लागली. मोडलेलं हाड तोवर जुळत आलं होतं. घात केला तो इतर पायांच्या खुरांनी: जास्तीचा भार सोसून खुराच्या आतलं धरून ठेवणारं मांस सुजलं आणि खूर सुटायला लागले. मोडका पाय घोड्याला मारतो तो बहुतेकदा असा, वजनामुळे. शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोंचा. आपल्याकडचं गाढव बहुधा शंभर-दीडशे किलोंचं. या फरकाकडे न बघता दोघांना एकच शिक्षा सुनावणं मला मान्य नाही.

आमच्या सिहोऱ्याच्या धानपट्ट्यात पायमोडीचं काम मुख्यतः बैल, गोऱ्हे आणि शेळ्यांचं. गाढवं, तट्टं मोजकीच. पण इथल्या शेतकऱ्याला बैलाच्या नळीला, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाला, प्लास्टर घालण्यात काही नवल वाटत नाही, आणि बैल गाढवाच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा असतो. यावर कोणी म्हणेल की बैल कोठ्यात बसून राहतो, घोडा तीन पायांवर उभा राहून थकतो. बरोबर आहे, पण इथे गाढवाचा स्वभाव कामी येतो. ते घोड्यासारखं बिथरत नाही, प्लास्टर सोसतं, जाड तणसावर आडवं होऊन पायांना विसावा देतं. म्हणून विचारायचं ते हे की मोडलंय कुठलं हाड आणि कातडी फाटली आहे का. गुडघ्याखाली मांस नाही, त्यामुळे हाडाला रक्त कमी मिळतं. पण मांस नाही म्हणूनच तिथे प्लास्टर घट्ट धरतं. खुरासकट आणि मोडीच्या वरचा सांधा आत घेऊन ते घातलं, कातडी शाबूत असली, तर सहा ते आठ आठवड्यांत नळी जुळण्याची खरी आशा असते. शिंगराची त्याहून लवकर. मांडीचं हाड मोडलेल्या मोठ्या जनावराला मात्र मी ही आशा दाखवणार नाही. तिथे प्लास्टर पोचतच नाही. हाड बाहेर येऊन मातीत घासलं असेल तरीही नाही.

जनावराला दोन महिने वेदनेत ठेवणं हेच क्रौर्य, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. गाढव वेदना दाखवत नाही. मान खाली घालून गप्प उभं राहतं आणि मालकाला वाटतं की बरं आहे. शिवाय घोड्यासाठी ठरलेलं वेदनाशामक गाढवाच्या अंगातून लवकर निघून जातं. फिनाइलब्युटाझोन घोड्याच्या वेळापत्रकाने दिलं, तर मधले कित्येक तास ते विनाऔषध काढतं. सर्वांत मोठा धोका चाऱ्याचा आहे. गाढवाने दोन दिवस खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं, आणि नळी जुळत असतानाच जनावर हातचं जातं. म्हणून त्याचं जोडीदार गाढव शेजारी बांधणं ही मी भूतदया समजत नाही, उपचार समजतो. एकटं पडलं की ते खात नाही. ज्याला हे रोज पाहायला माणूस नाही, त्याने उपचार सुरूच करू नयेत. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यातही, जगवणंच क्रूर ठरेल अशा जनावराला वेदनेतून सोडवायची वाट आहे, आणि ती वेळेवर धरणं हेही आम्हा उपचार करणाऱ्यांचंच काम.

राहिला पैशाचा प्रश्न. उपचाराच्या खर्चात दुसरं गाढव येईल, हा हिशेब गरीब माणसाचा आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण 2012 ते 2019 या दोन पशुगणनांमध्ये देशातली गाढवं 3.2 लाखांवरून 1.2 लाखांवर आली. दुसरं गाढव पूर्वीसारखं सहज मिळेल हे आता धरून चालता येत नाही. आणि खर्चाचा मोठा भाग पहिल्या तासातच ठरतो. मोडका पाय लोंबकळत ठेवून जनावर टेम्पोत चढवलं की हाडाचं टोक पातळ कातडी फोडतं, आणि साधी मोड नासते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथवरच्या रस्त्याचे हादरे त्या पायाला सोसायचे आहेत. त्याआधी कापसाचे जाड थर गुंडाळावेत, वरून बांबूच्या खपच्या किंवा उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, खुरापासून मोडीच्या वरच्या सांध्यापलीकडे जाईल एवढा लांब. आखूड खपची नेमकी मोडीवर संपते आणि तिथेच तरफ होऊन हाड आणखी उचकटते, तेव्हा लांबी कमी पडत असेल तर थांबून दुसरा बांबू आणावा. धनुर्वाताचं इंजेक्शन, घोडा-गाढवांना तो फार लवकर धरतो म्हणून, निघण्याआधीच द्यावं.