आधी देश, मग गाव

शेजारची मुलगी कझानला डॉक्टरकी शिकते. तिला कसलंसं प्रमाणपत्र धाडायचं होतं. "तुम्हाला रशियन येतं ना?" म्हणत तिची आई पत्त्याचा कागद घेऊन आली आणि मी पहिल्याच ओळीला अडखळले. वर चक्क मुलीचं नाव! मग रस्ता, मग शहर, देश खाली. अगदी आपल्यासारखं.

आम्ही शिकलो तो क्रम नेमका उलटा होता. आधी देश, मग शहर, रस्ता, घर, खोली आणि सगळ्यात तळाशी माणूस, तोही चतुर्थीत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आमचे वर्ग भरत. शाळेत आठ विभक्त्या घोकलेल्या आम्हांला रशियनच्या सहा म्हणजे सूटच वाटली होती. चतुर्थी पक्की व्हावी म्हणून बाई डिसेंबरात नववर्षाच्या शुभेच्छांची पाकिटं लिहून घेत. पत्ता लेनिनग्राडचा, त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा.

१९९१च्या सप्टेंबरात लेनिनग्राडचं पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं होतं. बाईंनी फळ्यावर सवयीनं जुनं नाव लिहिलं, पुसलं, नवं लिहिलं. पहिल्या ओळीतला सोव्हिएत संघ तसाच राहिला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले. पुढच्या तासाला कुणीतरी विचारलं, "पहिल्या ओळीत आता काय लिहायचं?" बाई म्हणाल्या, "गावापासून सुरुवात करा. देशाचं नंतर बघू." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

शेजारच्या वर्गातल्या जर्मनवाल्यांना मात्र ऊत आला. त्यांची भिंत पडून दोन देशांचा एक झाला होता, आमच्या एकाचे पंधरा. "आता कुठली भाषा शिकताय?" असं जिन्यात विचारत. पुढे त्यांना कंपन्यांत नोकऱ्या लागल्या. लागोत बापड्या. पण जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं याचं कौतुक त्यांनी मराठी माणसाला सांगावं, हे मला आजही सहन होत नाही.

बाईंना 'बाई' म्हटलेलं वर्गात चालत नसे. रशियन रीतीनं नाव आणि वडिलांचं नाव घ्यायचं. मग कुणी वसंतोविच झालं, कुणी दत्तात्रेयेव्ना. अफानासी निकितिन हाही निकिताचा मुलगाच. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, घोडा घेऊन जुन्नरला पोचला. तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, मग देतो. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडाही सुटला आणि धर्मही वाचला. बाई हे फार रंगवून सांगत. पण मला वेगळीच गोष्ट टोचायची. इथं वावरताना त्यानं ख्वाजा युसुफ खुरासानी असं नाव घेतलं होतं, म्हणजे बापाचं नाव गेलंच. त्याच्या प्रवासवर्णनाच्या शेवटची प्रार्थनाही निव्वळ रशियनमध्ये नाही. तीत अरबी, फारसी, तुर्की असं सगळं मिसळलेलं आहे. परतताना स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला.

रशियन बाईचं आडनाव लग्नानंतर बहुधा बदलतं, बापाचं नाव जन्मभर राहतं. माझं लग्नात मधलं नाव गेलं. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत वडील कुठेच उरले नाहीत. बाईंचंही तसंच. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे यजमानांचं नाव होतं, वर्गात मात्र आम्ही त्यांच्या वडिलांच्या नावाला 'ओव्ना' लावून हाक मारायचो.

बऱ्याच वर्षांनी त्या लक्ष्मी रोडवर दिसल्या. मी सवयीनं तीच हाक मारली. यजमान दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, ही कुणाला बोलावतेय म्हणून मागे बघायला लागले. बाई उलट उजळल्या आणि भर रस्त्यात रशियन बोलू लागल्या. साड्यांचे भाव, गुडघे, सुना असं सगळं झालं. मग आवाज जराही न बदलता यजमानांच्या घोरण्याकडे वळल्या. ते बिचारे हसून मान डोलवत होते.